खात्री मागणारा आजार : मोठ्या माणसांतला ओसीडी ओळखण्यापासून उपचारापर्यंत

मोटर बंद झालेली डोळ्यांनी पाहिली, स्टार्टरचं लाल बटण स्वतःच्या हाताने दाबलं, तरी बांधापर्यंत गेल्यावर माणूस परत विहिरीकडे वळतो. एखाद्या दिवशी वळला तर काही बिघडत नाही. पण तेच रोज आठ-दहा वेळा व्हायला लागलं, घरी आल्यावर जेवणात लक्ष लागेना, रात्री बायकोला उठवून "मोटर बंद करी ना मी?" असं विचारणं सुरू झालं, की तो काळजीखोर स्वभाव राहिलेला नसतो. तो ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) नावाचा आजार असतो. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची. बऱ्याच घरांत नुसतं 'त्याला वहम आहे' किंवा 'तिचं सोवळं जरा जास्तच आहे' एवढं बोलून वर्षानुवर्षं निभावून नेतात, आणि या निभावून नेण्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

शंभरात साधारण एक-दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. बहुतेकांची सुरुवात विशीच्या आगेमागे होते आणि उपचारापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षं जातात. आपल्या खान्देशात जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ आहेत, औषधंही नेहमीच्या वापरातली आहेत. आडवी येते ती लाज, आणि हा आजार आहे हेच माहीत नसणं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. यात येणारी माणसं कुणी एक नाहीत, अनेकांच्या हकिकतींवरून रचलेली आहेत.

पहिलं काम : आजार कसा चालतो ते समजून घ्या

हे समजल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण उपचार याच्यावरच उभा आहे.

आधी मनात एक नकोसा विचार येतो. 'हाताला घाण लागली असेल.' 'गॅस चालू राहिला असेल.' 'आरतीच्या वेळी देवीबद्दल मनात वाईट शब्द आला.' त्यासोबत भीती किंवा किळस येते, छाती धडधडते. मग ती भीती घालवण्यासाठी माणूस काहीतरी कृती करतो. धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात क्षमा मागतो, घरच्यांना विचारतो. केलं की जरा बरं वाटतं. हे बरं वाटणं टिकतं दहा मिनिटं, फार तर तासभर. मग पुन्हा विचार येतो, या वेळी जास्त जोरात.

गजकर्ण खाजवल्यासारखं आहे हे. खाजवताना सुख वाटतं आणि त्यानेच ते पसरतं.

विचार येणं हा आजार नाही. 1978 साली रॅकमन आणि डिसिल्व्हा या दोन संशोधकांनी साध्या, निरोगी माणसांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी कबूल केलं की असे विचित्र, हिंसक, घाणेरडे विचार आपल्याही मनात येऊन जातात. फरक असा, की बाकीचे लोक 'काय काहीही डोक्यात येतं' म्हणून पुढच्या कामाला लागतात. ओसीडी असलेला माणूस त्या विचाराला धोक्याची सूचना समजतो आणि धोका नाही याची खात्री करायला बसतो. शंभर टक्के खात्री या जगात कशाचीच मिळत नाही, म्हणून तो उठतच नाही.

मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवरचे काही भाग यांना जोडणारं एक वर्तुळ असतं. 'झालं, आता पुढे चला' हा निरोप तिथून मिळायला हवा. या आजारात ते वर्तुळ गरजेपेक्षा जास्त पेटलेलं राहतं. रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर धोका थोडा वाढतो. मन कमजोर असल्याने, आईबापांच्या चुकीमुळे किंवा बाहेरच्या बाधेमुळे हा आजार होत नाही.

आपल्याकडे एक प्रश्न नेहमी येतो : रूढी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? श्रावणात खान्देशची कानबाई देवी बसते तेव्हा घरोघर धुणंपुसणं होतं, तिच्या रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या, दिवसांत सोवळं कडक पाळतात. तो आजार नव्हे. ते सगळं घर मिळून करतं, त्याला ठरलेली सुरुवात आणि शेवट असतो, विसर्जन झालं की घर मोकळं होतं आणि मनाला समाधान असतं. आजारात एकच माणूस करत असतो, त्याचे नियम दर महिन्याला वाढत जातात, शेवट सापडत नाही आणि केल्यावर समाधानाऐवजी थकवा येतो. घरातल्या सगळ्यात सोवळं पाळणाऱ्या आजीलाही जेव्हा 'पोरी, आता पुरे' असं म्हणावंसं वाटतं, तेव्हा ओळखा.

दुसरं काम : आठवडाभर नोंद ठेवा

साधी दोनशे पानी वही घ्या आणि सात दिवस फक्त लिहा. काही बदलायचं नाही. वेळ, विचार, भीती शून्य ते शंभरमध्ये किती, काय केलं, किती मिनिटं गेली. रात्री मिनिटांची बेरीज मारा. दिवसाला एक तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा वेळ कमी जाऊनही काम, नोकरी, संसार अडत असेल, तर डॉक्टरांच्या भाषेतही हा आजार ठरतो.

लपलेल्या कृतीही नोंदवा, त्याच जास्त चुकवतात. कुलपाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवणं. मोबाईल स्टार्टरला पुन्हा पुन्हा फोन लावून मोटर बंद असल्याचं ऐकणं. गूगलवर तोच आजार शोधत बसणं. वाईट विचारावर उतारा म्हणून चांगला विचार आणणं. आणि टाळाटाळ : लालपरीत न बसणं, मयतीला न जाणं, कुणी दिलेले पैसे हातात न घेणं. टाळल्याने काही केल्यासारखं दिसत नाही, पण आजार त्याच्यावर पोसतो.

डॉक्टर वापरतात ती येल-ब्राऊन मोजपट्टी 1989 मध्ये तयार झाली. दहा प्रश्न, 40 गुण. 8 ते 15 सौम्य, 16 ते 23 मध्यम, 24 ते 31 तीव्र, त्यापुढे अतितीव्र. पहिल्या भेटीत हा आकडा मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. चार महिन्यांनी आपण खरंच पुढे सरकलो का, हे नुसत्या आठवणीवरून कळत नाही.

तिसरं काम : योग्य दारात जा

पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाची घ्या. खाजगीत परवडत नसेल तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नंदुरबारचं सिव्हिल, इथे केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारा. गावातून निघायलाच संकोच वाटत असेल तर आधी 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर लोक 'झोप येत नाही, टेन्शन आहे' एवढंच सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन घरी येतात. तसं करू नका. कागदावर लिहून न्या आणि तो कागदच त्यांच्या हातात द्या : कोणते विचार येतात, ते घालवायला मी काय करतो, रोज किती तास जातात, कधीपासून आहे, काय काय टाळतो. दुसरी कोणती औषधं चालू आहेत, दारू घेता का, गरोदरपण आहे किंवा ठरवताय का, आणि घरात कुणाला उन्मादाचा, म्हणजे अति उत्साह, अति बडबड, अति खर्च अशा झटक्यांचा आजार आहे का, हेही लिहा. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण ओसीडीच्या गोळ्यांनी अशा माणसाचा उन्माद उसळू शकतो.

लाज वाटणारे विचारही लिहा. मुलाला इजा करण्याचे, लैंगिक, देवाबद्दलचे. मनोविकारतज्ज्ञाला त्यात नवीन काही नसतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावं असंही सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर बिलं जपून ठेवा.

पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ही लक्षणं दिसली तर मेंदूची तपासणी करून घ्यायला सांगा. त्या वयात अचानक सुरू होणं सहसा घडत नाही, मागे दुसरं कारण असू शकतं.

भगताकडे जायचं की नाही, यावर घरात भांडणं होतात. माझं स्पष्ट मत आहे : कुलदेवीला जा, नवस फेडा, त्याने मनाला आधार मिळत असेल तर चांगलंच आहे. पण गोळी बंद करायला सांगणाऱ्याचं, मारहाण, चटके, उपास असले उपाय सांगणाऱ्याचं घर पुन्हा चढू नका. अघोरी उपाय करणं 2013 पासून महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे.

चौथं काम : औषध नीट आणि पुरेसं घ्या

सुरुवातीला बहुधा फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, पॅरोक्सेटीन किंवा एस्सिटालोप्राम यांपैकी एक गोळी देतात. या सवय लावणाऱ्या झोपेच्या गोळ्या नाहीत. ओसीडीत त्यांचा डोस उदासीनतेच्या आजारापेक्षा (डिप्रेशनपेक्षा) बऱ्याचदा जास्त लागतो, फ्लुओक्सेटीन 60 ते 80 मिलिग्रॅम, सर्ट्रालीन 200 मिलिग्रॅमपर्यंत. हे आकडे डॉक्टरांनी डोस वाढवल्यावर घाबरून जाऊ नये म्हणून देतो आहे, स्वतःहून गोळी वाढवण्यासाठी नाही.

धीर सगळ्यात जास्त इथे लागतो. पूर्ण डोसवर 8 ते 12 आठवडे काढल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही ते ठरत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, पोट ढिलं होणं, डोकं दुखणं, झोप बिघडणं हे आधी येतं आणि गुण नंतर येतो. नेमक्या याच दिवसांत लोक 'मला गोळी सोसत नाही' म्हणून सोडून देतात. जेवणानंतर घ्या, वेळ बदलून चालेल का विचारा. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणं हा सर्रास होणारा आणि कुणी न सांगणारा त्रास आहे. त्यावरही उपाय असतात, तेव्हा संकोच न करता सांगा. पंचविशीच्या आतल्या माणसाला गोळी सुरू करताना पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पहिल्या औषधाने साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो. नाही पडला तर दुसरं बदलून देतात. पुढे क्लोमिप्रामीन हे जुनं पण दमदार औषध आहे. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि हृदयाच्या दृष्टीने ईसीजी काढून घ्यावा लागतो. काहींना जोडीला रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठीवर हे नाव वाचून 'मला वेड्याची गोळी दिली' असं समजू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या मात्र ओसीडीचा उपचार नाहीत. थोडे दिवस शांत वाटतं, पण सवय लागते. वर्षानुवर्षं नुसत्या याच गोळ्यांवर असाल तर दुसरं मत घ्या, आणि त्याही एकदम बंद करू नका.

बरं वाटायला लागल्यावर निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायचं असतं आणि नंतर महिनोन्‌महिने हळूहळू उतरवायचं असतं. कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या धांदलीत गोळ्या संपल्या आणि पंधरा दिवस तशाच गेल्या, असं होऊ देऊ नका. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय करा.

पाचवं काम, आणि हेच खरं : सामोरं जा, पण कृती करू नका

या उपचाराला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी पहिल्यांदा त्याचे परिणाम मांडले. तोवर ओसीडी बरा होत नाही असंच डॉक्टर धरून चालायचे. आज या आजारावरचा सगळ्यात भक्कम पुरावा असलेला मानसोपचार हाच आहे. सौम्य आजारात तो एकटा पुरतो, मध्यम आणि तीव्र आजारात औषधासोबत करतात.

नुसतं 'मन दुसरीकडे वळवा', 'सकारात्मक विचार करा', 'विचार आला की मनगटावरचं रबर ओढा' असं सांगणारा समुपदेशक ओसीडीच्या कामाचा नाही. पहिल्याच भेटीत विचारा : तुम्ही ईआरपी करता का? घरी सराव काय देता? याची सरळ उत्तरं आली पाहिजेत. आपल्या भागात असे प्रशिक्षित चिकित्सक कमी आहेत, म्हणून व्हिडिओ कॉलवर उपचार घ्यायला कमीपणा मानू नका. ईआरपी तसंही घडतं, आणि घरातल्या घरात करायचं असल्याने कधी कधी जास्तच जमतं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे. अनेक औषधं करूनही गुण न आलेल्यांनी तिथवर जायची तयारी ठेवावी.

आता प्रत्यक्ष कसं करतात ते एका उदाहरणात पाहू. धुळ्यातली एक ताई. बाहेरच्या घाणीची भीती. आपल्याकडे बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि हिच्या घरी पिंप दुसऱ्याच दिवशी रिकामं. सासू चिडलेली, नवरा टँकरचे पैसे देऊन थकलेला, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत ही तिसऱ्यांदा अंघोळीला निघालेली, हाताची कातडी सोललेली.

तिने वहीवरून शिडी बनवली. समोरचा आकडा भीतीचा. घराच्या कडीला हात लावून न धुणं, 30. किराण्याची पिशवी न पुसता ओट्यावर ठेवणं, 40. दुकानदाराने परत दिलेल्या नोटा मोजून त्याच हाताने मोबाईल घेणं, 50. एसटीतून आल्यावर त्याच साडीवर पलंगावर बसणं, 65. संडासाच्या बाहेरच्या कडीला हात लावून तासभर काम करत राहणं, 80. सिव्हिलच्या बाकावर बसून आल्यावर अंघोळ न करता, हात एकदाच धुऊन जेवायला बसणं, 95.

सुरुवात खालून. कडीला नुसतं बोट लावायचं नाही, पूर्ण तळवा टेकवायचा. मग तोच हात गालावर, पदरावर, पोळपाटावर फिरवायचा, म्हणजे 'स्वच्छ राहिलेली जागा' उरतच नाही. आणि थांबायचं. भीती 30 म्हटली होती, पहिल्या पाच मिनिटांत 55 झाली. ताई उठली नाही. हात अंगापासून लांब धरला होता, तो मांडीवर ठेवायला सांगितला. वीस मिनिटांनी 40, पाऊण तासाने 20. दुसऱ्या दिवशी तीच पायरी 45 ला सुरू झाली, पाचव्या दिवशी कंटाळा आला. कंटाळा आला की वरची पायरी घ्यायची.

एखाद्या दिवशी भीती उतरतच नाही. सराव फसला असं त्या दिवशी समजू नका. भीती असतानाही मी न धुता राहू शकतो, एवढं मेंदूला कळणं पुरेसं आहे.

यात लोक हमखास कुठे चुकतात, तेही सांगतो. हात धूत नाहीत पण मनातल्या मनात नामस्मरण सुरू करतात, भीती मारण्यासाठी. जप एरवी करा, सरावाच्या तासात नको. किंवा नवऱ्याकडे बघतात, त्याने मान हलवली की सुटल्यासारखं वाटतं. ती मानही कृतीच. किंवा स्वतःला समजावत बसतात, 'काही होत नाही, काही होत नाही'. त्याऐवजी मनाला द्यायचं उत्तर असं : 'आजारी पडेन? पडेनही कदाचित. बघू.' हे वाक्य सुरुवातीला जिभेवर येत नाही, घशात अडकतं. पण याच्याच जोरावर माणूस खात्रीची मागणी सोडायला शिकतो, म्हणून ते रोज मोठ्याने म्हणा.

सराव रोज करायचा, साधारण तासभर. चिकित्सकाकडच्या भेटी बहुधा आठवड्याला एक अशा बारा ते वीस असतात. उरलेले सहा दिवस घरी काय केलं, त्यावर गुण ठरतो.

नेहमीच्या धुण्याचे नियम एकदाच ठरवून भिंतीवर लावा. जेवणाआधी, संडासहून आल्यावर, साबणाने वीस सेकंद, एकदा. कपाशीवर फवारणी करून आल्यावर साबणाने अंघोळ आणि कपडे बदलणं हे खरोखर गरजेचं आहे, तिथे सराव करायचा नाही. पण तेही एकदाच. शेजारचा फवारणी करणारा जेवढं करतो तेवढंच.

मोटरवाल्या भाऊंची शिडी वेगळी. बटण एकदा दाबायचं, एकदा पाहायचं, पाठ फिरवायची. फोटो नाही, मोबाईल स्टार्टरला फोन नाही. बांधावर पोहोचल्यावर स्वतःला म्हणायचं, 'मोटर चालू असेल कदाचित. जळेल कदाचित.' आणि घरी जायचं. आठवडाभराने हेच रात्री, एकट्याने, घाईत बटण दाबून.

विचारच भयंकर असतील तर

बाळंतपण झालेली आई विळीवर भाजी चिरते आहे, बाळ शेजारी पाळण्यात. मनात येतं, 'मी हे पातं बाळाला लावलं तर?' तिचे हातपाय गार पडतात. दुसऱ्या दिवसापासून ती विळी माळ्यावर टाकते, बाळासोबत एकटी थांबत नाही, सासूला म्हणते तुम्हीच घ्या. घरच्यांना वाटतं हिला लेकरू नकोसं झालंय. खरं तर त्या लेकरावर तिचा जीव आहे म्हणूनच तो विचार तिला इतका टोचतो. ओसीडीतले असे विचार माणसाच्या मनाविरुद्ध असतात आणि तो ते अमलात आणत नाही.

इथे बाहेरची कृती कमी दिसते, आतली जास्त : मन तपासणं, देवाची माफी मागणं, 'मी तशी आहे का?' हे घोळवणं. सरावही तसाच. तो विचार कागदावर पूर्ण लिहायचा, रोज मोठ्याने वाचायचा, आणि चिकित्सकाच्या सल्ल्याने पायरीपायरीने विळी पुन्हा हातात घेऊन बाळाच्या खोलीत भाजी चिरायची. हा प्रकार एकट्याने सुरू करू नका, जाणकार सोबत हवा.

एक फरक मात्र घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावा. त्या आईला विचारांची भीती वाटत नसेल, ते बरोबर वाटत असतील, कानात आवाज येत असतील, बाळात काही वाईट शिरलंय असं ती ठामपणे म्हणत असेल, झोप उडाली असेल, तर तो ओसीडी नाही. ती तातडीची वेळ आहे. बाळ आणि आई दोघांना एकटं न सोडता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या.

घरच्यांसाठी

आपल्या घरांत माणसं एकमेकांना धरून असतात, आणि या आजारात हाच चांगुलपणा उलटतो. नवरा बाहेरून आल्यावर दारातच कपडे काढतो, मुलगी दहा वेळा 'हो, कुलूप लागलं' म्हणते, सून दुसऱ्यांदा भांडी घासते. प्रत्येक वेळी भांडण टळतं आणि आजाराला एक घास मिळतो.

हे एका दिवसात तोडू नका. पाण्याचा कॉक बंद करणं, बाथरूमला बाहेरून कडी लावणं, चारचौघांत टोमणे मारणं याने आजार वाढतो आणि विश्वास जातो. सगळे शांत असतील अशा वेळी बसा. आजारी माणसालाच विचारा, आपण काय काय बंद करायचं आणि कोणतं आधी. मग एक वाक्य ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा.

"मोटर बंद करी ना मी?"

"हा ओसीडीचा प्रश्न आहे भाऊ, याचं उत्तर मी देणार नाही. चल, ओट्यावर बसू."

आवाजात राग नको. उत्तर न देता सोबत बसणं, ही घरच्यांच्या हातातली सगळ्यात मोठी मदत आहे आणि ती फार जड जाते. पहिल्या आठवड्यात तो चिडेल, रडेल, 'एकदाच सांग' म्हणेल. तुम्ही डगमगलात तर त्याला कळतं की जास्त ताणलं की उत्तर मिळतं. सगळ्यांनी एकसारखं वागायला हवं, नाहीतर तो गुपचूप आजीकडे जाऊन विचारून येतो.

लग्न ठरवताना आजार लपवणं आणि नंतर गोळ्या चोरून खायला लावणं, हे मला फार दुखवतं. गोळी चुकते, ताण वाढतो, आजार उसळतो आणि मग दोन घरं मोडतात. उपचार घेत असलेला ओसीडीचा माणूस संसार करू शकतो, नोकरी करू शकतो, शेती सांभाळू शकतो. आधी सांगा.

आत्महत्येची भाषा, अन्नपाणी सुटणं, तासन्‌तास एका जागी अडकून पडणं, अंथरूण न सोडणं असं दिसलं तर सरावाची वही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. ओसीडीच्या सोबत उदासीनता फार वेळा येते आणि तिचा उपचार थांबून चालत नाही.

पुन्हा डोकं वर काढलं तर

हा आजार पूर्ण शून्यावर येईलच असं नाही. चाळीसपैकी अठ्ठावीस गुणांवरचा माणूस दहावर आला, की त्याचं आयुष्य परत त्याच्या हातात येतं, आणि ते बऱ्याच जणांना साधतं. पण मुलीचं लग्न, जवळच्याचा मृत्यू, बाळंतपण, पीक बुडणं, उन्हाळ्यातल्या जागरणाच्या रात्री, अशा काळात जुन्या सवयी परत दार वाजवतात. नवीन विषय धरूनही येतात : आधी हात धुणं होतं, आता कागदावरची सही तपासणं. विषय बदलला तरी यंत्र तेच, उपायही तोच.

बरे दिवस चालू असतानाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा : माझी सुरुवातीची खूण कोणती (उदा. कुलूप दोनदा ओढून पाहणं), मी घरात कुणाला सांगणार, कोणती पायरी पुन्हा करणार. ती खूण सलग तीन-चार दिवस दिसली, तर आठवडाभर वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी खालच्या दोन पायऱ्यांचा सराव सुरू करा, गोळ्या नियमित चालू आहेत का ते पाकिटं मोजून पाहा, आणि डॉक्टरांची पुढची तारीख लांब असेल तर फोन करून अलीकडची मागून घ्या.